प्रकल्प चालतो, पण सर्किट कळते का?

डिसेंबर-जानेवारी हा शाळांमधील विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम. मांडलेल्या टेबलांवर दरवर्षी काही प्रकल्प हमखास दिसतात. टाकी भरली की वाजणारा भोंगा, हात पुढे केला की आपोआप उघडणारी कचरापेटी, समोर अडथळा आला की थरथरणारी अंध व्यक्तींसाठीची काठी, माती कोरडी पडली की पंप सुरू करणारे यंत्र. विद्यार्थी पाठ केलेली माहिती न अडखळता सांगतात, यंत्रही बहुतेक वेळा चालते. मग एखादा परीक्षक सर्किटमधल्या एका रोधाकडे बोट दाखवून विचारतो, ‘हा इथे कशासाठी?’ आणि टेबलामागे शांतता पसरते. मुले शिक्षकांकडे बघतात, शिक्षक दुसरीकडे बघतात.

या शांततेचे कारण सगळ्यांना ठाऊक असते. असे प्रकल्प आज तयार मिळतात. सर्किट, पुठ्ठ्याचे मॉडेल, छापील अहवाल, सगळे एकत्र. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्पही याच मार्गाने येतात, हे त्या क्षेत्रातल्या कोणाला नवे नाही. याकडे गुणांच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते आणि तेवढ्यावरच चर्चा थांबते. प्रत्यक्षात नुकसान त्याहून मोठे आहे. सर्किट म्हणजे काय, वीज कुठून कुठे जाते, वाटेत काय आले तर काय होते, हे हाताने करून कळण्याची वयातली एकमेव संधी मुलांच्या हातून निसटते. आणि हे न कळण्याची किंमत केवळ परीक्षेत मोजावी लागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. हे मृत्यू शेतातल्या पंपापाशी, घरातल्या कूलरपाशी, कपडे वाळत घालायच्या तारेपाशी होतात. म्हणून छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकणे हा विषय जितका विज्ञानाचा, तितकाच आरोग्याचाही आहे.

माळेचा अर्धा धडा

एलईडी येण्यापूर्वी गणपतीत आणि दिवाळीत लागणाऱ्या दिव्यांच्या माळेने कित्येक घरांत सर्किटचा पहिला धडा दिला. सहा व्होल्टचे चिमुकले दिवे एकामागोमाग एक जोडायचे. २३० भागिले ६ म्हणजे अडतीसच्या आसपास. म्हणून माळेत अडतीस-चाळीस दिवे. त्यातला एक गेला की अख्खी माळ बंद. मग घरातले कोणीतरी टेस्टर घेऊन एकेक दिवा तपासत बसायचे. ‘एकसर जोडणी’ हा शब्द पुस्तकात भेटण्यापूर्वीच मुलांना तिचा स्वभाव कळलेला असायचा.

हा धडा मात्र अर्धाच होता. प्रत्येक दिव्याला सहाच व्होल्ट मिळतात, म्हणून माळ निरुपद्रवी आहे, असा समज त्यातून पसरला. माळ सुरू असताना एक दिवा काढला, तर त्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांमध्ये सहा नव्हे, पूर्ण २३० व्होल्ट येतात. कारण धारा थांबलेली असते. धाराच नाही म्हटल्यावर बाकीच्या दिव्यांवर व्होल्टेजची वाटणी होत नाही आणि सगळा दाब त्या तुटलेल्या जागी एकवटतो. अनेकांना बसलेले झटके याच जागेचे होते. उरलेला अर्धा धडा कोणी शिकवला नाही, कारण तो शिकण्यासाठी २३० व्होल्टची माळ ही योग्य जागा नव्हती. तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर शिकायला हवा होता.

एक बॅटरी, एक एलईडी, एक रोध

इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदाची सुरुवात जगभर बहुधा एकाच जागी होते. नऊ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि एक रोध. या तीन वस्तूंना मिळून बॅटरीखेरीज पाच रुपयेही लागत नाहीत. लाल एलईडी पेटलेली असताना तिच्यावर साधारण दोन व्होल्ट राहतात. उरलेले सात व्होल्ट रोधाने घ्यायचे. एलईडीला वीस मिलिअँपिअरपेक्षा जास्त धारा द्यायची नाही असे ठरवले, तर सात भागिले ०.०२, म्हणजे ३५० ओहम. बाजारात नेमका ३५० चा रोध सहसा मिळत नाही. ३९० किंवा ४७० चा मिळतो. ४७० चा लावला तर धारा पंधरा मिलिअँपिअर होते, एलईडी छान पेटते आणि वर्षानुवर्षे टिकते.

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ हे प्रकरण आहे आणि ओहमचा नियम त्यातच येतो. बहुतेक मुलांच्या लेखी तो तीन अक्षरांचा त्रिकोण असतो. जे काढायचे ते अक्षर झाकायचे आणि उत्तर लिहायचे. त्याच नियमाने स्वतः रोध निवडला, तो मुद्दाम बदलून पाहिला, हजार ओहमला एलईडी मंद झाली, शंभर ओहमला डोळे दिपले आणि रोध काढून टाकल्यावर क्षणभर चमकून कायमची विझली, तर तो त्रिकोण राहत नाही. व्होल्टेज ढकलते, रोध अडवतो आणि शेवटी किती धारा वाहिली त्यावर वस्तू जगते की मरते, ही गोष्ट एक-दोन रुपयांच्या एलईडीच्या बदल्यात कळते. इतका स्वस्त धडा शाळेत दुसरा कुठला नसेल.

शरीर हाही एक रोध

आता हाच हिशेब माणसावर करून पाहावा. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. ओल्या हातांनी आणि भिजलेल्या पायांनी तो एक हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले हजार म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलिअँपिअर. शरीरातून एक मिलिअँपिअर गेले तर मुंग्या आल्यासारखे वाटते. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. पन्नास-शंभर मिलिअँपिअर छातीतून गेले, तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते. रक्त पुढे ढकलले जात नाही. पावसाळ्यात लोखंडी तारेवर ओले कपडे टाकणाऱ्या माणसाचा मृत्यू का होतो, याचे उत्तर नववीच्या त्या एका भागाकारात आहे.

याच भागाकारातून आणखी एक गैरसमज दूर होतो. घरात एमसीबी बसवले की विजेपासून संरक्षण मिळाले, असे बहुतेकांना वाटते. दिव्यांच्या लाइनवरचा एमसीबी सहा अँपिअरचा असतो, गिझरचा सोळा किंवा त्याहून मोठा. माणसाचा जीव घ्यायला ०.१ अँपिअर पुरतो. म्हणजे माणूस तारेला चिकटलेला असताना एमसीबीच्या दृष्टीने काहीही बिघडलेले नसते. तो वायर तापून आग लागू नये म्हणून आहे, माणसासाठी नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेली धारा न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, हे तो पाहत राहतो आणि तीस मिलिअँपिअरची तूट दिसली की पुरवठा तोडतो. कारण तेवढी धारा कुठून तरी जमिनीत, कदाचित कोणाच्या तरी शरीरातून, चालली आहे. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल पकडले, तर मात्र धारा बरोबर परत येते आणि आरसीसीबीलाही काही कळत नाही. हे ज्याने सर्किट जोडले आहे त्याला सांगावे लागत नाही. सर्किट म्हणजे गेलेल्या धारेचा परतीचा रस्ता, ही कल्पना एकदा डोक्यात बसली की अर्थिंग, आरसीसीबी, रबरी चपला आणि ओली फरशी या सगळ्याचा अर्थ आपोआप लागतो.

घरोघरी असलेला टेस्टर हाही याचाच नमुना आहे. त्याचा निऑन दिवा पेटतो, कारण टोकाला टेकवलेल्या बोटामधून आणि शरीरातून जमिनीपर्यंत सर्किट पूर्ण होते. आतल्या पाच-दहा लाख ओहमच्या रोधामुळे धारा अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत राहते, म्हणून ती जाणवत नाही. आतला रोध खराब झालेला, पाणी गेलेला टेस्टर वापरणे म्हणजे काय, हे मग वेगळे समजावावे लागत नाही. ‘दिवा लागत नाही म्हणजे वीज नाही’ हा समजही असाच. चुकून न्यूट्रलमध्ये बसवलेले बटण बंद केले की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच उभी असते.

तयार मॉड्यूल वाईट नाही

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आज एका चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. अशा काळात रोध आणि एलईडी जोडत बसण्यात काय अर्थ? इटलीतल्या इव्हरिया येथे २००५ मध्ये आर्डुइनो तयार झाला तोच मुळी इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या, डिझाइनच्या विद्यार्थ्यांना यंत्रे बनवता यावीत म्हणून. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायने संगणकच खिशात मावेल असा केला. तयार मॉड्यूल जोडा, दहा ओळींचा प्रोग्राम लिहा, काम झाले. ज्याला पिकाला पाणी द्यायचे आहे त्याने ट्रान्झिस्टरचा अभ्यास का करावा?

यात तथ्य आहे. प्रत्येकाने सगळे मुळापासून बनवावे, असा आग्रह वेडगळ ठरेल. रेडिओ जोडणाऱ्या जुन्या हौशी मंडळींनीही ट्रान्झिस्टर घरी बनवला नव्हता, तो विकतच आणला होता. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये रचलेली ५५५ ही टायमरची चिप हेसुद्धा एका अर्थाने तयार मॉड्यूलच. तिच्या आत काय आहे हे न पाहताही दोन रोध आणि एक कपॅसिटर लावून दिवा लुकलुकवता येतो. म्हणूनच ती अर्धशतक उलटल्यावरही छंदाच्या प्रत्येक डब्यात सापडते.

फरक पडतो तो मॉड्यूलच्या कडेवर. आर्डुइनो उनोच्या एका पिनमधून वीस मिलिअँपिअरपर्यंत धारा घ्यावी असा संकेत आहे. चाळीस ही शेवटची मर्यादा. छोटी मोटरसुद्धा याच्या कितीतरी पट धारा मागते. ज्याला हे ठाऊक नाही तो मोटर थेट पिनला जोडतो, बोर्ड जळतो आणि ‘चायना माल आहे’ असा निष्कर्ष निघतो. ज्याला ठाऊक आहे तो मधे ट्रान्झिस्टर घालतो आणि मोटरला उलटा डायोडही लावतो, कारण मोटर बंद होताना तिच्या गुंडाळीतून उलटा, जोराचा व्होल्टेजचा झटका येतो. दोघांनी वापरलेले मॉड्यूल एकच. एकाला त्याची कड कुठे संपते ते कळते, दुसऱ्याला कळत नाही. तयार वस्तू वापरण्यात कमीपणा नाही. तिला कधीच उघडून न पाहण्यात मात्र आहे.

संगणकावरच्या आभासी सर्किटांचेही तसेच. पहिली ओळख करून घेण्यासाठी ती उत्तम. काही जळत नाही आणि खर्चही नाही. पण तिथे तार सैल होत नाही, सोल्डर कच्चा राहत नाही, बॅटरी उतरत नाही. खऱ्या टेबलावर बहुतेक वेळ याच गोष्टींत जातो आणि शिक्षणही तिथेच होते.

बिघाड शोधण्याची सवय

छंदाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे न चालणारे सर्किट. सगळे आकृतीप्रमाणे जोडले आहे तरी एलईडी लागत नाही. कारणे नेहमीचीच असतात. एलईडी उलटी बसली. ब्रेडबोर्डच्या कडेची पट्टी मधोमध तुटलेली असते हे लक्षात आले नाही. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे पाय येतात. दुसऱ्या क्रमांकाच्या ट्रान्झिस्टरमध्ये हा क्रम उलटा असू शकतो. नवशिक्या माणूस सगळे उपटून पुन्हा जोडतो आणि तीच चूक पुन्हा करतो.

शिकलेला माणूस मल्टिमीटर हातात घेतो. साधा डिजिटल मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि मुलाला द्यायच्या भेटींमध्ये त्याच्याइतकी उपयोगी वस्तू कमी असेल. बॅटरीवर नऊ व्होल्ट आहेत का? आहेत. ट्रान्झिस्टरच्या बेसवर ०.७ च्या आसपास येतात का? नाही. म्हणजे बिघाड या दोहोंच्या मधे आहे. सर्किटच्या मध्यावर मोजायचे, चांगली बाजू बाजूला ठेवायची, उरलेल्या अर्ध्यात पुन्हा मध्यावर मोजायचे. तापाच्या रुग्णाला तपासणारा डॉक्टर किंवा बंद पडलेल्या मोटारीपुढचा मेकॅनिक याहून वेगळे काही करत नाही. अंदाज बांधायचा, तो खोटा ठरवता येईल अशी एक मोजणी करायची आणि मोजणी म्हणेल ते मान्य करायचे. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणून ज्यावर भाषणे होतात तो हाच. इथे तो बोटांना शिकवता येतो. एलईडी लागली नाही तर तिला समजावून उपयोग नसतो आणि वशिलाही चालत नाही.

विकतच्या प्रकल्पात नेमका हाच भाग गळतो. बिघाड दुसऱ्या कोणीतरी आधीच शोधलेला असतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त चालणारे यंत्र येते.

लक्ष्मणरेषा कुठे आखायची

मुलांना सर्किट करू द्या म्हणताना पालकांच्या मनातली भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करणाऱ्या मुलांपुढे आज जे येते त्यातले बरेचसे धोकादायक आहे. त्यामुळे मनाई करण्याऐवजी रेषा स्पष्ट आखलेली बरी.

पहिली रेषा व्होल्टेजची. शाळकरी मुलांचे काम बॅटरीवर, बारा व्होल्टच्या आत. एवढ्यात धडा पूर्ण मिळतो आणि कोरड्या त्वचेतून धोकादायक धारा जात नाही. भिंतीवरच्या प्लगचा प्रयोग नाही.

दुसरी गोष्ट ‘ट्रान्सफॉर्मरशिवायचा पुरवठा’ या नावाने फिरणाऱ्या सर्किटची. २३० व्होल्टच्या लाइनमध्ये एक कपॅसिटर, पुढे डायोड आणि पलीकडे पाच-बारा व्होल्ट. स्वस्त एलईडी बल्ब आणि रात्रीचे दिवे याच पद्धतीने चालतात. मीटरवर पाच व्होल्ट दिसतात म्हणून मुले त्याला हात लावतात. ते पाच व्होल्ट त्या दोन तारांमधले असतात. जमिनीच्या तुलनेत दोन्ही तारांवर २३० व्होल्ट असू शकतात. चांगल्या मोबाइल चार्जरमध्ये आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे लाइन आणि फोन यांच्यात तारेचा थेट संबंध नसतो, इथे तो असतो. सुटे भाग आणून एलईडी बल्ब जोडण्याचा घरगुती उद्योग गावोगावी चालतो. तो करणाऱ्या प्रत्येकाला निदान ही एक गोष्ट शिकवलेली असलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट कपॅसिटरची. प्लग काढला म्हणजे यंत्र निर्धोक झाले असे नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तर हजारो व्होल्टचा मामला असतो आणि तो उघडणे हौशी माणसाचे काम नव्हे. डास मारायची रॅकेटसुद्धा बटण सोडल्यावर काही वेळ चटका देते ती याचमुळे.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे सेल हा नवा धोका. शॉर्ट झाल्यास ते पेट घेऊ शकतात. मुलांच्या हाती पेन्सिल सेल पुरेत. आणि घरात लहान मूल असेल तर बटणासारखे चपटे सेल उघड्यावर ठेवू नयेत. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठावे.

सोल्डरिंगबद्दलही थोडे. नेहमीच्या सोल्डरमध्ये कथिल आणि शिसे असते. निघणारा धूर शिशाचा नसतो, तो राळेचा. पण तो घसा आणि फुप्फुसांना त्रास देतो, दमा असलेल्यांना जास्तच. म्हणून खिडकी उघडी हवी. शिसे पोटात जाते ते हातांवाटे. रक्तातली शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा सोल्डरिंग करताना खाणे नाही, तार दातात धरणे नाही आणि उठताना साबणाने हात धुणे. पंचवीस वॉटचा सोल्डरिंग गन, डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी एक मोठे माणूस एवढी तयारी पुरते.

कोणाला धक्का बसलाच तर आधी पुरवठा बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर सारणे. उघड्या हाताने माणसाला ओढणे नाही. शुद्ध नसेल आणि श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे.

जळालेल्या एलईडीचा हिशेब

शाळांमध्ये साधनेच नाहीत अशी आता सगळीकडे स्थिती नाही. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब देशातल्या दहा हजार शाळांत उभ्या राहिल्या. प्रत्येकीला वीस लाखांपर्यंत अनुदान. आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. पण साहित्य आले की ते डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढते आणि मग ते शाबूत ठेवणे हीच शिक्षकाची जबाबदारी होऊन बसते. तपासणीला आलेला अधिकारी किती बोर्ड आहेत हे मोजतो, किती मुलांनी वापरले हे मोजत नाही. बोर्ड जळला तर भरपाई कोण देणार, या धास्तीने कपाटाला कुलूप लागते. त्यात शिक्षकाचा दोष कमी आणि हिशेबाच्या पद्धतीचा जास्त आहे. रोध, एलईडी, ट्रान्झिस्टर, सेल यांना खडूसारखे धरले पाहिजे: वापरून संपणारी वस्तू. वर्षाच्या शेवटी जळालेल्या भागांची बरणी रिकामी असेल तर उलट त्या शाळेला विचारावे, की वर्षभर केले काय?

दुसरा बदल प्रदर्शनांच्या गुणदानात करता येईल आणि त्याला पैसाही लागत नाही. परीक्षकाने प्रकल्प पाहावा, मग मुलांना पाठ फिरवायला सांगून बॅटरीवर चालणाऱ्या त्या सर्किटमधली एक तार काढावी किंवा एक एलईडी उलटी बसवावी. दहा मिनिटे आणि एक मल्टिमीटर द्यावा. ज्यांनी स्वतः जोडले आहे ते बिघाड शोधतील. निदान कसा शोधायचा ते सांगतील. विकत आणलेल्या देखण्या मॉडेलची मातब्बरी तिथेच संपेल. पुठ्ठ्यावर वेडेवाकडे जोडलेले, पण तीनदा बिघडून दुरुस्त झालेले सर्किट पुढे जाईल. अहवालात ‘काय चुकले आणि ते कसे कळले’ हे एक पान सक्तीचे करावे.

तिसरी गोष्ट कोणाच्या हातात साधन द्यायचे याची. घरात मिक्सर, इस्त्री, गिझर सर्वांत जास्त हाताळतात त्या स्त्रिया आणि टेस्टर मात्र बहुधा मुलाच्या हातात दिला जातो. प्रयोगशाळेतही मुलगा जोडतो आणि मुलगी निरीक्षणे लिहिते. धोक्यापाशी जिचा रोजचा वावर, तिलाच सर्किटपासून लांब ठेवणे परवडणारे नाही.

महाराष्ट्राला हे सगळे परके नाही. पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता शिकण्याच्या विचारावरच. तिथून पुढे आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात शाळकरी मुले-मुली घराचे वायरिंगही शिकतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर इथली दुकाने आजही एक-दोन रुपयांचा रोध सुटा देतात. लहान गावांत बंद पडलेला रेडिओ किंवा जुना चार्जर उघडून तेच भाग मिळवता येतात, अर्थात प्लग काढून आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या जुन्या दुकानांत आजही दिसणारा ‘सिरीज बोर्ड’ पाहावा. दुरुस्तीला आलेले यंत्र साध्या शंभर वॉटच्या बल्बशी एकसर जोडून मगच सुरू करायचे. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र व फ्यूज दोन्ही वाचतात. माळेने दिलेला एकसर जोडणीचा धडा असा पूर्णही करता येतो.

तयार प्रकल्पाला काही हजार रुपये पडतात. तेवढ्यात एक मल्टिमीटर, दोन ब्रेडबोर्ड, शंभर रोध, पन्नास एलईडी आणि डझनभर ट्रान्झिस्टर येतात, वर काही रक्कम उरते. त्यातले काही भाग पहिल्याच आठवड्यात जळतील. पालकांनी ते जळू द्यावेत आणि पुढच्या प्रदर्शनाला मूल रित्या हाताने आले तरी रागावू नये. फक्त एवढेच विचारावे, की कुठे अडले आणि शेवटी मीटरने काय दाखवले.